ह्यांची पुली आणि नानांचं क्लॅरिनेट

परवा रविवारी सकाळी जळगावच्या माझ्या घरात मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून दहा मिनिटं नुसती बसून होते. समोर उघडलेला रेकॉर्ड प्लेअर, शेजारी नव्या पुलीची डबी... आणि काढायचा होता फक्त एक स्क्रू.

मी शाळेतून रिटायर झालेली बाई. जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जमवते. हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या गुडघ्याच्या पट्ट्यांकडे.

नाद लागला तो लहानपणी, भुसावळला. आमच्या शेजारी रेल्वेचे एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहायचे, संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून एका रेकॉर्डवरचं क्लॅरिनेट ऐकू यायचं. देश सोडून जाताना त्यांनी ती रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. पुढे कव्हर वाळवीनं खाल्लं, लेबल झिजलं, वाजवणाऱ्याचं नावही गेलं... मी त्याला 'आमचा क्लॅरिनेटवाला' म्हणते. नंतर कपाटभर रेकॉर्डी आल्या, पण पहिला मान अजून त्याचाच.

रेकॉर्डी माझ्या, मशीन मात्र ह्यांचं. हे दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर होते. लग्नानंतर दोनेक वर्षांतच प्लेअरच्या मोटारीवरची पुली तुटली, म्हणजे जिच्यावर पट्टा फिरतो ती छोटीशी चकती. स्पेअर कुठे मिळेना, तेव्हा ह्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडे बसून पितळेची पुली स्वतः बनवली. "मापात बसली बघ," म्हणाले आणि दिवसभर मिशीत हसत होते.

हे जाऊन चार वर्षं झाली. पुली फिरतेय.

गेल्या महिन्यात धरणगावला एका लग्नात नाना भेटले. उभा जन्म लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस, आता सत्तरी ओलांडलेली. त्यांची फुंक ऐकून मला राहवेना. म्हटलं, नाना, एकदा घरी या, तुमच्यासारखाच एक वाजवणारा ऐकवते.

आले. क्लॅरिनेट भाकरीसारखं फडक्यात गुंडाळून आणलेलं. भरीत खाल्लं आणि डोळे मिटून अख्खी बाजू ऐकली. मग म्हणाले, परत लावा, आणि सोबत वाजवायला लागले...

दोन सूर वाजवून थांबले. परत सुरुवात केली, परत थांबले. नानांचा सूर काही केल्या रेकॉर्डच्या सुराला जाऊन मिळेना. मला वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं.

नाना त्यांच्या अहिराणीत शांतपणे म्हणाले, "ताई, तो माणूस बरोबर शे. तुमनं मशीन हळू चालस."

खरं सांगते, मला राग आला. ह्यांच्या पुलीवर चालणारं मशीन, आणि हळू? नाना गेल्यावर मी तबकडीला कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ घेतलं आणि फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस आणि वर थोडे व्हायला हवेत. झाले बत्तीस आणि वर थोडे... तीन वेळा मोजले.

म्हणजे ह्यांच्या हातून पुली मुळातच किंचित बारीक झाली होती, म्हणून तबकडी हळू फिरत होती. चाळीस वर्षं सगळ्या रेकॉर्डी मी संथ आणि उतरलेल्या सुरात ऐकत होते. स्वभावच तो ह्यांचा. मी साडी नेसून दारात उभी आणि हे अजून बुटाची लेस बांधतायत.

हसले खरी, पण मग रडू आलं. त्या क्लॅरिनेटमधल्या ज्या उदासपणावर मी जीव लावला, तो त्या माणसाचा होता की पुलीचा? आणि पुली बदलली, तर ह्यांच्या हातचं फिरणारं असं घरात उरतं काय?

भाच्यानं ऑनलाइन नवी पुली मागवून दिली. आता नीट ऐकू, म्हणून मी नानांना परवा पुन्हा बोलावलं. ते आले तेव्हा मी ती अशी स्क्रूड्रायव्हर धरून बसलेली.

नानांनी डबी बघितली, पितळेची पुली बघितली. विचारलं, ही कोणी केली? मी सांगितलं. सगळंच सांगितलं.

त्यांनी क्लॅरिनेट काढलं आणि त्याचा वरचा सांधा जरासा ओढून बाहेर घेतला, मग मधलाही. उन्हाळ्यातल्या वरातीत वाद्य तापून सूर चढतो, तेव्हा बॅण्डवाले असाच तो खाली आणतात म्हणे.

"मशीनले हात लावू नका ताई. मीच जरासा खाले येस."

मी झाकण लावलं आणि रेकॉर्ड ठेवली. नाना दोनदा अडखळले, सांधा आणखी केसभर ओढला... आणि सूर मिळाला. एक धरणगावचा, एक कुठला कोण जाणे, दोघं माझ्या बाहेरच्या खोलीत एका सुरात वाजवत होते. मी पदर तोंडाला लावून बसले होते.

नवी पुली ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आहे. बरोबर वेग कोणता ते आता मला ठाऊक आहे, तेवढं पुरे. नाना, तुमचे उपकार मी कसे फेडू, कळत नाही.

आणि अहो... माप चुकलंच होतं तुमचं. पण परवा एक माणूस त्या मापात बसला.