याव मामाचे चाळीस दिवस

आमच्या ओबोमासोत सोन्याची खाण आहे आणि राजाची गादीही. गावावर दोघांचाही हुकूम चालतो. खाणीचा भोंगा वाजतो. राजवाड्याचा हुकूम लोखंडी घंटा वाजवत याव मामा सांगतो. एकतीस वर्षं दवंडी त्याच्याकडेच आहे. मी त्याच्या कुंपणापलीकडचा शेजारी, पंपांचा मिस्त्री.

वर्षाच्या मोठ्या सणाआधी चाळीस दिवस राजवाड्याच्या हुकमानं गावात आवाज बंद. ढोल नाही, मयताची माती नाही, गळा काढून रडणं नाही. या दिवसांत कुणी मेलं तर प्रेत शवागारात राहतं. बंदी उठली की दवंडी होते आणि मग गाव रडतं. यंदा बंदीची दवंडी देऊन मामा घरी आला आणि तिसऱ्या दिवशी त्याची बायको, फोसुआ मामी, गेली. मूलबाळ नव्हतं.

गावाला कळलं, आणि गावानं न कळल्यासारखं केलं. जाता-येता कुणीही कुंपणापाशी थांबून विचारायचं, मामी कशी आहे. माहेरी गेलीय, तो सांगायचा. मीही विचारलं, रीतच तशी: दवंडी होईपर्यंत गेलेलं माणूस जिवंतच धरायचं. मला या रीतीचा संताप येतो. खाणीचे सुरुंग रोज दुपारी दोनला उडतात, आमच्या भिंतींना तडे जातात, त्यांना कुणी हटकत नाही. बंदी एका म्हाताऱ्याच्या गळ्याला.

पण त्याला त्या सुरुंगांचाच आधार होता. एकदा दुपारी मी घरी होतो. धडाका झाला, आणि त्यातच पलीकडून माणसाचं ओरडणं ऐकू आलं. धडाका विरला तसं तेही तुटलं. दुसऱ्या दिवशी तेच. दोनच्या आधी तो परसात जाऊन बसायचा आणि धडाक्याच्या आड तेवढंच रडून घ्यायचा.

एका बुधवारी सुरुंग उडालेच नाहीत. अडीच वाजले. मी कुंपणावरून डोकावलो. मामा तोंडात फडका कोंबून बसला होता, खांदे गदगदत होते. मला राहवलं नाही.

"मामा, रड मोकळं. मी काही ऐकलं नाही."

त्यानं फडका काढला. "तुझं काय जातंय? दुसऱ्या कुणी ऐकलं तर घंटा काढून घेतील. मग तिची दवंडी कोण देणार, तो माझ्या हाताखालचा क्वाटेंग? अर्धी नावं गिळतो मेला. अख्ख्या गावाची गेलेली माणसं मी जाहीर केली, आणि तिला त्याच्या तोंडी देऊ?"

"मग मी काय करू?"

"विचारत जा रोज, मामी कशी आहे म्हणून. उत्तर देतो तेवढा वेळ ती असते."

मी विचारत राहिलो. त्याची उत्तरं लांबत गेली. अळू लावलंय तिनं, गुडघा आता बरा आहे, भावजयीशी पटत नाही.

चाळीस दिवस सरले. पहाटे मामानं बंदी उठल्याची दवंडी गावभर दिली. शेवटी स्वतःच्या दारात उभं राहून तिचं पूर्ण नाव घेतलं, आईच्या घराण्यासकट, एक अक्षर न गिळता. मग बायकांनी गळा काढला, ढोल आले, सुतकाची काळी-तांबडी कापडं आली. मातीही झाली. गाव तीन दिवस रडलं, तोही सगळ्यांदेखत रडला.

चौथ्या दिवशी सकाळी मी पंप उघडून बसलो होतो. मामा कुंपणापाशी येऊन उभा राहिला. मी खुशाली विचारली, हवापाण्याचं बोललो. तो हो-हो म्हणाला, पण हलेना. तो कशाची वाट बघतोय ते मला कळत होतं, आणि आता ते मला विचारता येत नव्हतं.