'खराब' नावाचा फोल्डर

लिफ्टवाले काका बोलायला मुलखाचे कंजूष, पण कामाला चोख. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि एकच नियम पाळला: निकामी भाग पुन्हा बसवायचा नाही. बायको गेली तेव्हा ते रडले नाहीत. चार महिने नुसते उठले, जेवले, झोपले. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलेल्या गालासारखं आत सगळं बधिर होतं.

बायको अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. मागच्या खोलीत, दार लावून, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर. परगावच्या लेकीनं फोनवर सुचवलं, "बाबा, त्या डबड्याचा घरचा सर्व्हर करा ना. चोवीस तास चालू ठेवायचा. मी इथे बसून आईचा आवाज ऐकेन." काकांना हाताला काम मिळालं, एवढंच.

त्यांनी डबडं उघडलं, वाटीभर धूळ काढली, करकरणाऱ्या पंख्याला तेल दिलं. लेकीनं दहादा बजावलं होतं, की नवी सिस्टीम टाकली की आतलं सगळं पुसलं जातं, आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्या. पेन ड्राइव्ह होता चिमुकला. सगळी पुस्तकं त्यात कशीबशी मावली. उरला एक फोल्डर, बायकोनंच नाव दिलेला: 'खराब'. दुसरा पेन ड्राइव्ह कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला असता. पण खराब ते खराब. काकांनी क्षणभरही विचार केला नाही. नवी सिस्टीम टाकली, पुस्तकं परत चढवली, डबडं बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवलं, त्याचा हिरवा दिवा लागलेला पाहिला आणि जेवायला बसले.

रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, झकास चालतंय! पण 'खराब' कुठाय?"

"काढून टाकलं. खराब होतं ना."

लेक म्हणाली, "तुम्ही मध्येच दार उघडून चष्मा कुठाय विचारायचात ना, त्यात तिचं रेकॉर्डिंग बिघडायचं. ते सगळं ती त्यात ठेवायची. एकदा मला ऐकवलं होतं. तुमच्यावर ओरडते आणि मग हसतच सुटते. मला तेच हवं होतं, बाबा."

"परत येतं का ते?"

"त्यावरच तुम्ही पुस्तकं चढवलीत. आता कसलं येतंय?"

काकांनी फोन ठेवला. आता तरी रडू येईल म्हणून जरा वाट पाहिली. आलं नाही. मग त्यांनी पहिलं पुस्तक लावलं. बायको शांतपणे वाचत होती, एकही चूक नाही. काका तासभर कान देऊन बसले. कुठेच दार वाजलं नाही, कुणी हाक मारली नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकात काका कुठेच नव्हते.

शेवटी ते उठले, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "माझा चष्मा कुठाय गं?"

चष्मा डोळ्यांवरच होता.