खिशातलं लिंबू

दौंडला सोनोग्राफीच्या दाराशी मी वर्षानुवर्षं स्टूल टाकून बसलो. पेशंट घरी जातो, किस्सा मात्र माझ्याकडंच ॲडमिट ऱ्हातो!

निमोण्याच्या एका आजीचा गाल सुजला होता. डॉक्टरीणबाईंनी जेली लावून मशीन फिरवलं, लाळेच्या ग्रंथीला सूज निघाली, गोळ्या दिल्या. आठवड्यानं आजी वाटी घेऊन हजर! "गोळ्या ऱ्हाऊ द्या बाई, त्या गार मलमानं लई गुण आला!"

मी हळूच म्हणालो, "आजी, टीव्हीपुढं बसल्याबिगर ते लागू पडत न्हाई."

आजी घरी टीव्हीला गाल लावून बसली!

*

रेल्वेतले एक साहेब. सूज कानाखाली, पण सोनोग्राफी म्हणजे पाणी प्यायचं, हे बायकोच्या वेळचं डोक्यात पक्कं. तांब्यावर तांब्या रिचवून, पाय आवळून बाकावर बसलेले.

"मामा, एवढं बास का?"

"कानापातुर आलं पायजे, साहेब!"

आणखी एक तांब्या गेला. बाईंनी मला दिवसभर चहा दिला न्हाई.

*

आता आमचा इब्राहिमभाई. तळेगाव ढमढेऱ्याचा क्लॅरिनेटवाला, माझा लहानपणचा दोस्त. बँड वाजायला लागला की मी त्याच्यासमोर लिंबू चोखत उभा. त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आन् सूर पार ओला व्हायचा!

ऐन लगीनसराईत त्याच्या जबड्याखाली गाठ आली. जेवायला बसलं की फुगायची. गडी पार खचला. "आप्पा, कॅन्सर असंल तर वाजवणं संपलं माझं."

बाई मशीन लावून म्हणाल्या, "लाळ सुटली की नीट दिसेल. कुणीतरी लिंबू आणा."

मी खिशातनं काढलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बँडचं लग्न होतं ना!

बाई म्हणाल्या, "इब्राहिमभाई, चोखा."

"मी कशाला? ह्याला चोखू द्या!"

मी चोखलं. पडद्यावर त्याची लाळेची नळी टम्म फुगली, आन् मधोमध खडा चमकला.

"कॅन्सर नाही हो! खडा अडकून ग्रंथी सुजलीय. औषध घ्या, पाणी प्या, जबडा चोळा, लिंबू चोखत राहा."

इब्राहिमभाईनं डोळे पुसले. मी जेली पुसली.

दुसऱ्या दिवशी वरात रंगात आली. मी समोर जाऊन लिंबू काढलं. इब्राहिमभाईनं क्लॅरिनेट काखेत मारला, माझ्या हातातलं लिंबू हिसकून चोखलं, जबडा चोळला, आन् माझ्या तळहातावर खट्कन तो खडा थुंकला.

"घे आप्पा, बक्षिसी!"

आन् असला सूर लावला!