लेफ्टनंट रोझवार्न यांची दहा तारीख

शेजारच्या लेफ्टनंट हॅनिबल रोझवार्नचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा. म्हणजे तो उशिरा उठायचा असं नव्हे. पहाटे पाचलाच परसात येऊन कोंबड्यांवर खेकसायचा. पण तारीख बदलायची ती भर दुपारी. जुन्या आरमारात जहाजावर तशी रीत होती. पुढे सरकारने ती बंद केली, रोझवार्नने केली नाही. त्यामुळे रविवारी चर्चमधून घरी आला की याचा सोमवार लागायचा, आणि सगळं गाव बायबल धरून बसलेलं असताना हा खिडकीत पत्ते कुटत बसायचा.

“अहो, रविवार आहे!” मी कुंपणावरून ओरडायचे.

“तुमचा असेल, मिस पास्को. माझा संपला.”

आणि शनिवारी दुपारी त्याची कोंबडी माझ्या वाटाण्यांत शिरली की म्हणायचा, “आज रविवार. मी कामाला हात लावत नाही.” मला वाटायचं, नोकरी सुटल्यावर लागलेला हा म्हातारचळ.

बाराव्या वर्षी जहाजावर चढलेला हा माणूस शेवटपर्यंत लेफ्टनंटच राहिला. डाव्या पायाची दोन बोटं लढाईत गेली म्हणायचा. त्याच्या जुन्या खलाशाच्या मते ती दारूच्या पिंपाखाली गेली.

पंचवीस वर्षं आम्ही भांडलो, पण जे भांडायला हवं होतं ते एकदाही भांडलो नाही. १७९९ साली मी एकोणीस वर्षांची होते. त्याने जहाजावरून चिठ्ठी पाठवली: ‘लग्नाला होकार असेल तर दहा मे, दुपारी चारला धक्क्यावर ये.’ मी गेले. जहाज सकाळीच निघून गेलेलं. पुढे १८१५ साली परतला, तर सगळा कॉर्नवॉल परगणा मोकळा असताना माझ्याच शेजारी घर घेतलं, तेही कोंबड्यांसकट. तेव्हा न भेटता का गेलास, हे मी विचारलं नाही. मी का विचारू? एवढं एक उत्तर मला मरायच्या आधी हवं होतं, आणि मेला तोच आधी.

पाद्रीबाबा ट्रेगियर त्याच्या कागदांची पेटी घेऊन माझ्याकडे आले. “त्यांच्या मागे कुणी नाही. जरा लावून द्याल?”

“मला कुठे वेळ आहे?” असं म्हणतच मी पेटी ओढली आणि थेट १७९९ची रोजनिशी काढली.

‘नऊ मे. सकाळी पाऊस. दोनदा दाढी केली. दुपारी बारा: दहा मे सुरू. चार वाजता धक्क्यावर. सहापर्यंत थांबलो. लव्हडे आली नाही. पहाटे निघायचं.’

लव्हडे म्हणजे मी.

“खोटारडा!” मी किंचाळले, तशी पाद्रीबाबांच्या हातातली कपबशी हिंदकळली. “मी होते तिथे! पाच वाजेपर्यंत!”

मग वरची ओळ पुन्हा वाचली: ‘दुपारी बारा: दहा मे सुरू.’ म्हणजे हा म्हातारचळ नव्हता, ही रीत तेव्हापासूनचीच होती. त्याची दहाची दुपार म्हणजे जगाची नऊची. त्या वेळी मी घरात बसून नव्या टोपीला फीत शिवत होते.

मला हसू आवरेना. हसता हसता रडू कधी लागलं, ते कळलंच नाही.

पाद्रीबाबांनी रुमाल पुढे केला. “एका तारखेने घात केला बघा, मिस पास्को.”

“तारखेने घात केला तो एका दिवसाचा, पाद्रीबाबा,” मी म्हणाले. “आमच्या मधलं कुंपण हातभर उंच होतं. पंचवीस वर्षं विचारलं नाही, ते आम्हीच.”