न ओळखलेली खिरापत

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींची गिऱ्हाईक नाही. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेमानं वाचते, पण वाचता वाचता मनातल्या मनात खोडूनही काढते — वारा असेल, डोळा लागला असेल, उपासानं चक्कर आली असेल. मी मातीचं परीक्षण शिकलेली बाई. परीक्षानळीत रंग बदललेला दिसला तर मानायचं, नाही तर पुढचा नमुना घ्यायचा. हेही खोडून काढायला घेतलं होतं... जमलं नाही, म्हणून लिहितेय.

मी किन्हीराजाची. मालेगाव तालुका, वाशिम जिल्हा. (नाशिककडच्या मालेगावशी आमचा काही संबंध नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.) काही वर्षांपूर्वी एम.एस्सी. करताना एका सेमिस्टरसाठी नैरोबीला जायची संधी मिळाली. गावात ज्याला त्याला एकच प्रश्न — "आफ्रिकेत? अमेरिकेत जागा नोती काय व?" फक्त कमलआत्या म्हणाली, "जाय बबे. माती तिथंबी मातीच हाय."

कमलआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहते. मला अर्धंअधिक तिनंच वाढवलं.

आता भुलाबाईचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती, मांडतात. संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, आणि मग त्या घरची बाई झाकण लावलेला डबा हलवते. आतली खिरापत नुसत्या आवाजावरून ओळखायची. आमच्या गल्लीचा नियम कडक होता — मुलींनी ओळखेपर्यंत, किंवा "हरलो" म्हणेपर्यंत, डबा उघडायचा नाही आणि घरच्या बाईनं चटईवरून उठायचं नाही.

आत्याची खिरापत कुणालाच ओळखता यायची नाही. कारण ती लबाड. डब्यात नुसते चिंचोके टाकायची आणि खरी खिरापत पदराच्या गाठीत बांधून बसायची. मुली बिचाऱ्या फुटाणे म्हणायच्या, शेंगदाणे म्हणायच्या, डोकं खाजवायच्या. मला हे बरंच लहान असताना कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, आणि ओळखलंही नाही. उलट मुद्दाम चुकीचं काहीतरी सांगत राहायची. ओळखलं की मुली खिरापत घेऊन पुढच्या घरी पळणार, अंगण रिकामं होणार आणि आत्या एकटी आत जाऊन दिवा लावणार... ते मला बघवायचं नाही. म्हणून मी दुसऱ्या मुलींनाही "हरलो" म्हणू द्यायची नाही.

असो. नैरोबी.

नैरोबी हे एवढं मोठं शहर, पण माझ्या आठवणीत ते दुपारचंच आहे. हवा थंड, ऊन मऊ. होस्टेलच्या मागून कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर जॅकरंडाची झाडं होती. त्या दिवसांत ती सगळीच्या सगळी जांभळी होतात, एक पान दिसत नाही. फुलं खाली पडतात, रस्ता जांभळा, गाड्यांचे टप जांभळे. मोठ्या रस्त्यावर मटाटूंचे — म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचे — भोंगे चालू असायचे, पण या गल्लीत वळलं की आवाज पातळ होत जायचा. मला तिथून चालताना झोपेत चालल्यासारखं वाटायचं.

तिथंच एका झाडाखाली ती बाई बसलेली दिसली. साठीच्या आसपासची. कमरेला लेसो गुंडाळलेला — तिकडच्या बायकांचं छापील कापड. बसायला छोटं स्टूल, मांडीवर दूध पावडरचा जुना डबा. मी समोरून जाताना तिनं डबा हलवला आणि भुवया उंचावल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "फुटाणे."

तिनं मान हलवली. नाही.

मी हसले आणि पुढे गेले. पण चार पावलं गेल्यावर लक्षात आलं — तो आवाज चिंचोक्यांचा होता. तो मी झोपेतही ओळखीन. वळून पाहिलं तर तिच्या लेसोच्या टोकाला कमरेपाशी एक गाठ होती. त्यात नवल काही नाही, तिकडे बायका सुटे पैसे असेच बांधतात. चिंचही मिळते तिकडे. बघा, मी तेव्हाही खोडूनच काढत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा डबा हलवला. मी म्हटलं, "लाह्या." ती मिश्किल हसली. मग हे रोजचंच झालं. मी मराठीत चुकीचं सांगायचं, तिनं मान हलवायची. खरं उत्तर जिभेवर यायचं, पण जुन्या सवयीनं मी ते गिळायची.

घरी फोन केला की आई म्हणायची, "आत्या सोयाबीन सोंगाले गेली. वावरात हाय." आजही वावरात, उद्याही वावरात. मी मनात म्हणायची, केवढं पिकलं यंदा, कापणी संपतच नाही. मग एकदा चुलतभाऊ मध्येच फोनवर आला आणि म्हणाला, कालपासून पाणी थांबलंच नाही, गल्लीत चिखल झाला. मी आईला विचारलं, "एवढ्या पाण्यात आत्या सोंगणीले कशी गेली?"

आई रडायला लागली.

आत्या वावरातच पडली होती, त्याला बरेच दिवस झाले होते. मेंदूत रक्तस्राव. अकोल्याला आयसीयूत, शुद्ध नाही. "तुले सांगू नका म्हणे तुये बाबा. पोरगी परदेशात शिकून राह्यली, तिच्या जिवाले कायले घोर लावा..." आमच्याकडे हे असंच. दूर असलेल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळवायचं आणि त्याला माया म्हणायचं. मी फार चिडले. तिकीट काढते म्हटलं, तर बाबा फोनवर आले. "येऊन काय करशील बबे? डॉक्टर आमालेच जवळ जाऊ देत नाईत. म्हणतात, वाट पाहा."

आत्या कधीपासून बेशुद्ध आहे, विचारलं. बाबांनी दिवस सांगितला. मी ज्या दुपारी पहिल्यांदा "फुटाणे" म्हटलं होतं, तोच दिवस.

योगायोग. मीही तेच म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेक्चर सोडून थेट त्या झाडाखाली गेले. तिनं डबा हलवला. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला आमचा नियम आठवला — ओळखेपर्यंत बाईनं उठायचं नाही.

मी तिच्यासमोर फुटपाथवर, फुलांवरच बसले. "शेंगदाणे," म्हटलं. नाही. "खोबरं." नाही. "बस आत्या, मले ओळखू नाही येत. बसूनच राह्य." आपण काय बोलतोय हे मला कळत होतं, पण थांबवत नव्हतं. माथ्यावर, तिच्या मांडीवर फुलं पडत होती. असं मी रोज करू लागले. लेक्चरं बुडाली, मातीचे नमुने तसेच पडून राहिले. हसायचं त्यांनी हसावं.

माझी रूममेट वंजिरू. तिनं एकदा हे पाहिलं आणि त्या बाईशी तिकडच्या भाषेत बोलली. परत येताना वंजिरू म्हणाली, "मी विचारलं, तुम्ही इथे काय विकता? ती म्हणाली, काहीच नाही. मग बसता कशाला? तर म्हणाली, ही मुलगी बस म्हणते, म्हणून बसते."

मी मराठीत बोलत होते हो. वंजिरूलासुद्धा त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

मग एके दुपारी मी काही बोलायच्या आतच ती बाई उठली. डबा न उघडताच काखेत मारला, स्टूल उचललं.  "नाही, अजून ओळखलं नाही मी, हरलो म्हटलं नाही," असं काहीतरी बरळले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या जांभळ्या रस्त्यानं चालायला लागली. मी रडत रडत घरी फोन लावला. बाबांनी उचलला, तेही रडतच होते. 

"बबे," बाबा म्हणाले, "आत्यानं डोये उघडले व. पाणी मागून राह्यली."

ती बाई पुन्हा दिसली नाही. वंजिरूनं आजूबाजूला चौकशी केली, पण तिला कुणीच ओळखत नव्हतं.

सेमिस्टर संपवून मी गावी आले. आत्या वाळली होती, जीभ जराशी जड झाली होती, पण ओट्यावर ऊन खात बसलेली होती. मी फोनमधले फोटो दाखवणार तेवढ्यात तिनंच विचारलं, "ते जांभये फुलं कायचे होते व?" मी पाठवलेले फोटो आईनं दाखवले असतील. हे मी लगेच खोडून काढलं. (आईला नंतर विचारलं. ती नाही म्हणाली, पण ती विसरलीही असेल.)

मग आत्या भिंतीला धरत आत गेली, डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर हलवला. ना भुलाबाई होती, ना मुली, सगळी गल्ली कामाला गेलेली. मी सवयीनं म्हटलं, "फुटाणे."

आत्या हसली. "लहानपणापासून लबाडी करून राह्यली," म्हणाली. "आता खरं सांग, बबे. आता मी कुठी जात नाई."

 मी तिच्या पदराच्या गाठीवर हात ठेवला.

गाठीत गूळ-शेंगदाणे होते. आम्ही दोघींनी ओट्यावर बसून खाल्ले. तिला काय माहीत होतं, कसं माहीत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. कुणाला खोडून काढता आलं तर जरूर काढा. खरं सांगायचं तर मी उत्तर शोधायचं सोडून दिलंय.