सुभद्रेच्या दासीचा कंगवा

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या जुन्या नाटकघरात मी ढोलकी वाजवायचो आणि बू पाइनेम, म्हणजे पाइनेमबाई, चांगिक व्हायची. चांगिक म्हणजे सुभद्रेची म्हातारी दासी. काडीसारखं अंग, पुढे आलेली हनुवटी, हातात कायम कंगवा आणि जिभेला हाड नाही. पाइनेम तेव्हा पंचविशीची, दिसायलाही नीटस. तरी तिला जन्मभर म्हातारीच केलं, कारण हसवणं तिलाच जमायचं.

आता नाटकघराचं कलाकेंद्र झालंय. अधूनमधून एखाद्या रविवारी जुन्या पेट्या उघडतात. घरंच्या घरं येतात, पोरं मुकुट घालून बघतात आणि म्हातारे फोटोतली माणसं ओळखून देतात. फोटोंमागे नुसतं पात्राचं नाव आहे. तेव्हा नटांना खऱ्या नावाने कुणी हाक मारतच नसे. आमच्याकडे अर्जुन बायकाच करतात, त्यामुळे कोणता अर्जुन कोणाची आई यावरच निम्मा दिवस जातो. पेट्या काढून ठेवायचं काम माझं.

अशाच एका रविवारच्या आदल्या दिवशी पाइनेम केळीच्या पानात नारळाच्या दुधातला लिवेत भात घेऊन घरी आली. ही बाई उगाच काही आणत नाही, म्हणून मी आधी भात खाल्ला आणि मग काम विचारलं. तिची नात किनासी तिला म्बाह म्हणते. त्या पोरीने कधीतरी विचारलं, म्बाह, तू सुभद्रेच्या नाटकात होतीस? ही हो म्हणाली. पोरीने आजी सुभद्राच होती असं धरलं, शाळेत सांगितलं, आणि हिने ते तसंच राहू दिलं.

“कांग तार्नो, चांगिकचे फोटो तेवढे तळाशी घाला,” ती मला म्हणाली; कांग म्हणजे दादा. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

चांगिकची लाज कधीपासून वाटायला लागली, असं मी विचारलं.

“लोकांसमोर कधीच नाही वाटली. तिच्यासमोर वाटते.”

मला राग आला, खरं सांगतो. तिच्या त्या फेंगड्या चालीवर मी अर्धं आयुष्य ठेका धरला होता. पण भात पोटात गेला होता. फोटो तळाशी घातले.

रविवारी किनासी सुभद्रेचा मुकुट चढवून पेटीपुढे बसली आणि सुभद्रेच्या एकेका फोटोत आजी शोधू लागली. मिळेना. पाइनेम उगाच आल्याचा चहा पुन्हापुन्हा ढवळत होती. तेवढ्यात बाटिक विकणाऱ्या बू सुतियाने सरळ पेटीच्या तळाशी हात घातला आणि एक फोटो काढून हसायलाच लागली. “ही बघा आपली चांगिक.”

झालं. सगळे गोळा झाले. फोटोत चांगिकच्या पायाशी सिगारेटच्या पाकिटांचा खच होता, कारण खूश झालेले लोक तीच रंगमंचावर फेकायचे. कुणी तिच्या चालीची नक्कल केली. सुतिया म्हणाली, आई गेल्यावर आमचे वडील हसायचेच बंद झाले होते, ते पहिल्यांदा हसले ते हिच्यामुळे. आणि ‘ही’ चार हातांवर चहा ढवळतेय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही; हनुवटी पुढे काढल्याशिवाय तिला कोण ओळखणार? पाइनेमची मान खाली ती खालीच.

“पण मग सुभद्रा कोण होतं?” किनासीने विचारलं.

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. एकाने एक नाव घेतलं, दुसऱ्याने ते खोडलं. मी तर सुभद्रेच्या प्रत्येक प्रवेशाला वाजवलेलं, पण मलाही आठवेना.

किनासीने फोटो डोळ्यांजवळ नेला. कंगवा धरलेल्या हाताची करंगळी ताठ उभी होती. रोज सकाळी तिची वेणी घालताना आजीची उभी राहते तशीच.

“म्बाह, ही करंगळी तुझी आहे.”

पाइनेमने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, “माझीच.”

पोरीने मुकुट काढून बाजूला ठेवला. “मग तुझा कंगवा कुठंय? मला तो पाहिजे.”

कंगवा पेटीतच होता, निम्मे दात पडलेला. पाइनेमने तो नातीच्या हातात दिला, तिची करंगळी वर केली, स्वतःची हनुवटी पुढे काढली आणि पहिलं फेंगडं पाऊल टाकलं. बघणारे टाळ्या वाजवत होते आणि मी डोळे पुसत ढोलकी शोधत होतो. माझ्यासमोरून जाताना ती थांबली.

“एवढं एक काम सांगितलं होतं तुम्हाला, कांग,” ती म्हणाली, “तेही धड जमलं नाही.”