घरात आई एकच

आईचं नाव मी इथं लिहिणार नाही. बोबडे बोल फुटले तेव्हापासून घेत आले, आता पुरे. पण कुणी चहाचा कप हातात धरून मला समजवायला लागलं, की मुलांनी मोठ्यांना खुशाल नावानं हाक मारावी, त्यानं म्हणे मैत्री वाढते, की माझं टाळकं सरकतं. मैत्री! डोंबल! मी माझ्या सख्ख्या आईला नावानं हाक मारत वाढले. त्या हाकेत मैत्री कुठं होती ते मला अजून सापडलेलं नाही.

नव्वदीची सुरुवात होती. नाशिकचं इंदिरानगर तेव्हा नवंनवं वसत होतं. आमचं रो हाउस, पुढे वीतभर अंगण, मागे मोकळे प्लॉट आणि त्यांत चरणाऱ्या कुणाकुणाच्या म्हशी. घरात आजी, म्हणजे बाबांची आई; बाबा, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर; माझ्याहून मोठा दादा; मी; आणि ती. दादा बाबांच्या पहिल्या बायकोचा. ती बिचारी तो पाळण्यात असतानाच काविळीनं गेली. हॉलमध्ये तिचा मोठा फोटो होता आणि त्याला रोज ताजा हार. फुलं आणायची, ओवायची, फोटोची काच पुसायची, हे काम दुसरीचं. दुसरी म्हणजे माझी आई. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधली, वडील गँगमन, पाठीवर लग्नाच्या बहिणी. बिजवर असला तरी नोकरीवाला आहे म्हणून दिली.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. आजीनं ते ताट मांडूच दिलं नाही. म्हणाली, "ह्या घरात एकदा नाव लिहून झालंय. त्यावर हात फिरवायचा नाही." त्यामुळे आई आपलं माहेरचंच नाव घेऊन नांदायला आली. पुढे ह्याच गोष्टीचं एका बाईनं भर हळदीकुंकवात कौतुक केलं, ते सांगतेच.

दादा तेव्हा नुकता बोलायला लागला होता. घरात नवी बाई आली, पोरगं तिला काय म्हणणार? आजीनं पहिल्याच दिवशी निकाल लावला. त्याला कडेवर घेऊन फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही आई." मग स्वयंपाकघराच्या दारात आणलं, चुलत्यामावशांच्या देखत आत बोट दाखवलं आणि नाव सांगितलं. नुसतं नाव. मावशी नाही, काकू नाही. घरात आई एकच, आणि ती भिंतीवर.

मग मी झाले. पोर जे ऐकतं तेच बोलतं. आजी तिला नावानं बोलवायची, बाबा नावानं, दादा नावानं. मीही दीड वर्षाची असताना दुधाची वाटी पुढे करून तिला नावानंच हाक मारली म्हणतात. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, अहो, हिच्या पोटची आहे, पोरीला तरी आई म्हणू द्या. तर आजी म्हणाली, "आमच्यात दोन मुलांत भेद नाही. एकानं आई म्हणायचं आणि दुसऱ्यानं नुसतं बघत बसायचं, असं पोरकेपण मी माझ्या नातवाला दाखवणार नाही." ऐकणाऱ्याला वाटायचं, काय न्यायी बाई आहे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते बघायचं असेल, तर असल्या न्यायी बाईच्या घरी सून म्हणून जावं.

गंमत बघा. दादाला मी दादा म्हटलंच पाहिजे. न म्हटलं तर आजी कान पिळायची: "मोठ्यांना नावानं हाक मारतात का? वळण नाही काही." तिसरीतल्या शेंबड्या पोराला मान, आणि माझ्या जन्मदातीला नाही. तिला मान द्यायची ती एक भाजीवाली. दारात पाटी उतरवून "घ्या ना वहिनी, मेथी बघा कशी कवळी हाये" म्हणायची. घरात कालची मेथी शिल्लक असायची, तरी आई घ्यायची. आजी ओरडायची, "पैसे काय झाडाला लागलेत?" मला तेव्हा वाटायचं, हिला मेथी फार आवडते.

पहिलीत असताना शाळेतली एक मैत्रीण माझ्याबरोबर घरी आली. आईनं पोहे केले. मी ओरडून तिच्याकडे पाणी मागितलं, नाव घेऊन, अगं-तुगं करून. मैत्रिणीनं पोहे खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाली, "तुमची कामवाली मस्त पोहे करते गं." आई पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभी होती. तिनं ऐकलं. "अजून घालू का?" एवढंच विचारलं त्या पोरीला.

माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. रात्रीच्या जेवणाला सगळे पंगतीला बसले होते, ती वाढत होती. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आई, मला भाजी वाढ."

दादानं फोटोकडे बघितलं. आजीनं हातातला घास ताटात ठेवला, पाणी सोडलं आणि उठली. असल्या वेळी ती ओरडायची नाही, मारायची नाही. उपाशी राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा नाही. बाबा आईकडे गेले आणि म्हणाले, "काय शिकवलंस पोरीला?" तिनं काही शिकवलं नव्हतं. पण आमच्या बाबांना आजीच्या उपासापुढे खरंखोटं सुचत नसे. संध्याकाळी तिला पिशवी भरायला सांगितली आणि मनमाडला पोचवून आले. मला ठेवून घेतलं. पोरीची शाळा बुडेल म्हणे! किती काळजी!

ती किती दिवस नव्हती मला आठवत नाही. मी उंबऱ्यावर बसून असायचे एवढं आठवतं. आजी माझे केस विंचरायची, वेणी घट्ट घालायची, आणि गोड आवाजात विचारायची, "आता कोणाला काय म्हणायचं? सांग बघू." मी नाव सांगायचे. "शहाणी गं बाई माझी," म्हणायची आणि हातावर खडीसाखर ठेवायची. मी ती खायचे.

आई परत आली ती वाळून. आल्या आल्या मला मोरीत नेलं, दार लावलं, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "ऐक," म्हणाली. "मला नावानं हाक मारायची. कायम. नावानं मारलीस तर मी हितं राहीन. तसलं काही बोललीस तर मला परत धाडतील, आन् मग नाय यायची मी. कळलं?" मला कळलं. एवढं कळलं, की पुढे शाळेत 'माझी आई' निबंध लिहायला सांगितला तरी मी पान कोरं ठेवायचे. मला वाटायचं, मी वर्गात तो शब्द लिहिला आणि इकडे तिनं पिशवी भरली तर?

मग ते हळदीकुंकू. मी तेव्हा सातवीत असेन. संक्रांतीचं होतं, आमच्याच घरी. शेजारच्या प्राध्यापक बाई आल्या होत्या, खादीच्या साडीत, मोठ्ठं कुंकू. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी त्यांची ख्याती. मी स्वयंपाकघराकडे बघून नावानं हाक मारली, तिळगूळ संपला म्हणून, आणि ह्या बाई टाळी वाजवून उठल्याच. "ऐका गं, ऐका! मी कधीपासून सांगतेय, हे काकू-मावशी-आई सगळं आपण मुलांवर लादतो. माणसाला नाव असतं ना? बघा ह्यांच्या घरात! मुलं आईला नावानं हाक मारतात! आणि ह्यांनी लग्नात नावसुद्धा बदललेलं नाही. आपल्या कॉलनीतलं सगळ्यात पुढारलेलं घर आहे हे."

बायकांनी माना डोलावल्या. आजी कॉटवर बसली होती, तिनं पदर सावरला. म्हणाली, "आम्ही पहिल्यापासून तसेच आहोत. भेदभाव नाही आमच्यात."

प्राध्यापक बाईंनी आईला हाताला धरून मधे आणलं. आईच्या हातात वाणाचं तबक होतं, स्टीलच्या वाट्यांनी भरलेलं. "सांगा ना सगळ्यांना," बाई म्हणाल्या, "कसं वाटतं, पोटची मुलगी मैत्रिणीसारखी हाक मारते तेव्हा?"

मी आईच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलेल. एवढ्या बायका आहेत, आजी उपाशी राहायला उठून तरी कुठं जाणार? आई हसली. "छान वाटतं," म्हणाली. आणि वाट्या वाटायला लागली. बाईंना वाटी देताना तिचा हात इतका स्थिर होता, की मला तिचा राग आला. आजीचा नाही, तिचा.

वर्षं गेली. दादा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत लागला. तिथं साहेबालाही नावानं हाक मारतात म्हणे. त्याला काही जड गेलं नाही, सराव घरचाच होता. मी नाशिकमध्येच एका दवाखान्यात हिशेब बघायला लागले. तोंडातून नावच यायचं. मोरीत दिलेलं वचन एवढं मुरलं होतं, की आता कोण तिला मनमाडला धाडणार आहे, हा विचारसुद्धा मनात येत नसे.

आणि आजी पडली. अर्धांगवायू. हॉलमध्येच, फोटोखाली तिची कॉट टाकली. सगळं आईनं केलं. हगणंमुतणं, अंग पुसणं, भरवणं, पाठ फुटू नये म्हणून कुशी बदलणं. लोक म्हणायचे, सून नाही, लेक आहे. हळूहळू आजीचं डोकंही गेलं. तिच्या आठवणीतून आधी आम्ही गेलो, मग बाबा गेले, मग तिचं लग्नच गेलं, आणि एक दिवस ती सात-आठ वर्षांच्या पोरीसारखं तोंड करून आईला म्हणाली, "आई, भूक लागली."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ," ते आईला म्हणाले, "शेवटी तुला आई म्हणाली. पावली गं तुझी सेवा." आई ओलं फडकं पिळत होती, ती पिळत राहिली. बाबांना काय, अश्रू ढाळायला पैसे पडत नाहीत.

मे महिना होता. दवाखान्यातून मी दुपारी जेवायला घरी आले. बाबा कामावर. दार लोटलेलं होतं. आत आजीचा आवाज, कोरडा, फाटका: "आई, पाणी."

"आई ती वर हाय," आई म्हणाली. फोटोकडे बोट. "तिला मागा."

मी चपला हातात धरून तशीच उंबऱ्यात थांबले. आई कॉटजवळ स्टुलावर बसली होती, हातात पाण्यानं भरलेला पेला. रागात नव्हती. लहान पोराला पाढे शिकवतात तसा आवाज होता.

"आई, पाणी दे ना गं."

"तसं नाय. मला माझ्या नावानं हाक मारायची. तुम्हीच घातलंय ना वळण? म्हणा. मग देते."

आजीचे ओठ भेगाळलेले होते. ती पेल्याकडे बघत होती. एक नाव घेऊन बघितलं, ते कुणा बहिणीचं असावं. मग दुसरं. मग पहिल्या सुनेचं.

"ते नाय," आई म्हणाली. "माझं. आठवा. सोपं हाय. दीड वर्षाच्या पोरीला आलं होतं."

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. खडीसाखरेपासूनचं सगळं आठवत होतं आणि बरं वाटत होतं. बस अशीच, म्हणावंसं वाटत होतं, दिवसभर बस. पण म्हातारी रडायला लागली. आवाजही धड निघेना. डोळ्यांतून आलेलं पाणी ओठापर्यंत आलं तर तिनं जिभेनं तेच चाटलं. आणि आपलं सुरूच, "आई, आई गं."

"आई, पुरे," माझ्या तोंडून निघालं. "दे तिला."

आईनं मान वळवली. मी आलेय हे तिला तोवर माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तिचा बांध फुटेल, मी जाऊन तिला मिठी मारीन, काय काय वाटलं. मी चपला खाली टाकल्या.

"एवढ्या वर्षांनी म्हणालीस," ती म्हणाली. "ते पण हिच्यासाठी."

मग तिनं आजीची मान हातावर घेतली आणि पेला तोंडाला लावला. हळूहळू, ठसका लागू नये म्हणून थांबत थांबत पाजलं. पदरानं हनुवटी पुसली. मी पुढं होऊन परत हाक मारायला गेले, तर तिनं हातानंच थांबवलं.

"नावानंच मार," म्हणाली. "ताट वाढलंय, जेवून घे." आणि फोटोच्या हाराची फुलं घेऊन ओवायला बसली.